सिम्बल धुवायची, घासायची की तशीच राहू द्यायची?

दिवाळीच्या आधी घरात समई, निरांजनं, ताम्हण, पळी असं सगळं एका मोठ्या परातीत उतरतं. त्यावर चिंचेचा कोळ पडतो आणि दहा मिनिटांत पितळ लखलखायला लागतं. मी अकरावीत असताना त्याच परातीत माझ्या ड्रमसेटची सोळा इंची क्रॅश, म्हणजे जोरात फटका मारून वाजवायची सिम्बल, आपल्या भाषेत झांज, ठेवली होती. दोन वर्षांच्या घामानं ती काळवंडली होती आणि पुढच्या आठवड्यात कॉलेजचं गॅदरिंग होतं. आईनं विचारलंसुद्धा, "वाजवायची वस्तू आहे, चिंच चालेल का रे तिला?" मी म्हटलं, चालेल. कोळ चोळला, नारळाच्या शेंडीनं घासलं आणि तांब्याभर पाणी ओतलं. त्या पहिल्याच पाण्याबरोबर लोगोची काळी शाई बारीक धाग्यांसारखी परातीत उतरली. वाळल्यावर पाहिलं तर झांज कुठे पिवळी, कुठे गुलाबी, आणि कडेजवळ बोटाएवढे फिकट डाग. स्टँडवर चढवून वाजवली, तर आवाज अगदी आधीसारखाच होता.

ज्या गोष्टीसाठी मी लोगो घालवला, त्या गोष्टीचा आवाजाशी काही संबंधच नव्हता. आता मी मुलांना ड्रम शिकवतो. "सर, सिम्बल कशानं घासू?" हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी येतोच. माझं उत्तर ठरलेलं आहे. मळ काढा, धातू काढू नका. घाम, धूळ आणि चिकटा हा मळ. वर्षानुवर्षं चढलेला तपकिरी रंग म्हणजे धातूचीच बदललेली कातडी. पहिला साबणाच्या पाण्यानं निघतो. दुसरा काढायचा तर धातूच खरवडावा लागतो, मग ते काम चिंच करो, पावडर करो की पॉलिश.

मळानं आवाज बदलतो का? बदलतो, पण मळ जाड असेल तरच. सिम्बलवर ज्या गोल-गोल बारीक रेघा दिसतात त्या कारखान्यात लेथवर कोरलेल्या असतात. त्यात घाम आणि धूळ मिळून थर बसला की वरच्या पट्टीतली चमक दबते आणि घुमारा लवकर मरतो. नुसता तपकिरी रंग चढला असेल तर कानाला फरक कळणं फार कठीण आहे. तरी जुन्या झांजेचा आवाज मऊ आणि गडद होतो असं मानून ती मुद्दाम न घासता ठेवणारे वादक पुष्कळ आहेत. माझीही वीस इंची राईड, म्हणजे सलग ताल धरायची मोठी झांज, मी गेली कित्येक वर्षं फक्त धुतो, तिला पॉलिश कधीच लावलं नाही.

आधी ओळखा, हातात काय आहे

हे न करता बादली भरू नका. सगळ्या सिम्बल्स एका धातूच्या नसतात.

महागड्या झांजांमध्ये बहुतेक वेळा ८० टक्के तांबं आणि २० टक्के कथील असतं. त्याला बी-२० म्हणतात. झिल्जियन कंपनीच्या ए आणि के, साबियन कंपनीच्या एए आणि एचएच या मालिका त्यातल्या. बी-८ मध्ये ९२ टक्के तांबं आणि ८ टक्के कथील असतं. पण बी-८ म्हणजे हलका माल असं समजू नका, पाइस्टेची २००२ ही नावाजलेली मालिका त्याच मिश्रणाची आहे. नवशिक्यांच्या सेटबरोबर येणाऱ्या झांजा मात्र बऱ्याचदा पितळेच्या, म्हणजे तांबं आणि जस्ताच्या असतात. साबियन एसबीआर, माइनल एचसीएस, झिल्जियन प्लॅनेट झी या त्यातल्या. पिवळाधमक रंग आणि थाळीसारखा आवाज आला की समजावं.

बी-२० म्हणजे आपलं कासंच. तळपायाला तूप लावून घासतात ती काशाची वाटी असते ना, तिचं मिश्रण जवळपास हेच, साधारण ७८ ला २२. या मिश्रणाची गंमत अशी की ते तापवून हळूहळू गार होऊ दिलं तर काचेसारखं ठिसूळ होतं आणि लालबुंद असताना पाण्यात बुडवलं तर ठोकण्याजोगं होतं. लोखंडाच्या अगदी उलट. झिल्जियन घराण्याची १६२३ साली इस्तंबूलमध्ये सुरू झालेली कारागिरी याच काशावर उभी आहे. त्या आडनावाचा अर्थच मुळी "झांजा घडवणाऱ्याचा मुलगा" असा होतो. आपल्याकडे तांबट आणि कासार ही आडनावं पडली, तसंच.

धातूपेक्षाही महत्त्वाचं म्हणजे फिनिश. साधी, म्हणजे ट्रॅडिशनल फिनिश असेल तर रेघा स्पष्ट दिसतात आणि चमक मंद असते. ब्रिलियंट फिनिशमध्ये कारखान्यातच चाकावर घासून आरशासारखी चमक आणलेली असते आणि तिच्यात तुमचा चेहरा दिसतो. तिसरा प्रकार रॉ किंवा डार्क, ज्यात लेथ अर्धवट फिरवलेला असतो किंवा फिरवलेलाच नसतो, आणि काळे-तपकिरी डाग मुद्दाम ठेवलेले असतात. यांना फक्त पाणी आणि साबण, दुसरं काही नाही. डार्क झांज घासून पिवळी केली तर तुम्ही जास्तीचे पैसे मोजून घेतलेली गोष्टच घासून टाकली. रंगीत लेप दिलेल्या झांजांनाही हाच नियम. काही कंपन्या नव्या झांजेवर पातळ पारदर्शक थर देतात, तो टिकेल तितका टिकू द्यावा, कारण हवेपासून आणि घामापासून तोच झांजेला वाचवतो.

खोलणं आणि तपासणं

विंगनट काढा, वरचं फेल्ट, म्हणजे नमद्याची मऊ चकती, काढा, सिम्बल दोन्ही हातांनी कडेला धरून सरळ वर उचला. तिरकी ओढली की मधलं भोक स्टँडच्या रॉडच्या आट्यांवर घासतं. हाय-हॅटची, म्हणजे पायानं उघडझाप करायच्या जोडझांजेची, वरची झांज क्लचसकट, म्हणजे तिला रॉडवर पकडून ठेवणाऱ्या तुकड्यासकट, निघते. क्लच सोडवण्याआधी त्याची उंची पेनानं खूण करून ठेवा, नाहीतर परत बसवताना अर्धा तास जातो. वरची कुठली आणि खालची कुठली हेही लक्षात ठेवा. बऱ्याच जोड्यांत खालची जड असते.

आता रॉडवरची प्लास्टिकची किंवा रबराची नळी, म्हणजे स्लीव्ह, पाहा. ती झिजली असेल तर आजच बदला. स्लीव्ह नसेल तर रॉडचे आटे भोक खात जातात. भोक गोल न राहता किल्लीच्या भोकासारखं लांबट होतं आणि तिथूनच चीर सुटते. आमच्याकडे येणाऱ्या दहा जुन्या सेटमधल्या निम्म्यांत तरी ही नळी नसते, आणि लोक मात्र चमक गेल्याचं दुःख करत असतात.

मग नखानं कड पूर्ण फिरून तपासा. नख जिथे अडेल तिथे उजेडात पाहा. बोटावर टांगून काडीच्या टोकानं हलकेच टिचकी मारा. भांडं तडकल्यासारखी खरखर आली तर चीर आहे. तडकलेली झांज घासायच्या भानगडीत पडू नका. तिला आधी जाणत्या माणसाला दाखवा.

कोरडी झाडणी

ही पायरी लोक टाळतात, आणि आमच्या नागपुरात तर ती टाळूच नये. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीतून, गणपती विसर्जनातून किंवा धुमाळ पार्टीच्या, म्हणजे वरातीतल्या वाजंत्री पथकाच्या, गाडीवरून आलेल्या सिम्बलवर गुलाल असतो. गेल्या वर्षी एक पोट्टा जयंतीच्या दुसऱ्या दिवशी हाय-हॅट घेऊन आला. खालच्या झांजेच्या प्रत्येक रेघेत निळी धूळ भरलेली, जणू निळ्या दोऱ्यानं शिवण घातली आहे. त्यानं ओल्या फडक्यानं एक हात फिरवला होता. जिथे पाणी लागलं होतं तिथे निळा चिखल होऊन रेघांत घट्ट बसला होता, आणि जिथे लागलं नव्हतं तिथली धूळ मऊ ब्रशनं दोन मिनिटांत झडली. तो ओला पट्टा साफ करायला आम्हाला संध्याकाळ लागली.

म्हणून आधी कोरडं. रंगकामाचा मऊ, नवा ब्रश घ्या, दोन-अडीच इंची. झांज कपड्यावर उभी धरा आणि रेघांच्या दिशेनं, म्हणजे गोल, ब्रश फिरवा. मधून कडेकडे आडवा कधीच नाही. हा नियम पुढच्या प्रत्येक पायरीला लागू आहे. कापड, ब्रश, बोट, जे काही फिरेल ते रेघांबरोबर गोल फिरेल. आडवं घासलं की रेघांवर ओरखडे पडतात आणि मळ एका खाचेतून उचलून दुसऱ्या खाचेत बसतो.

धुणं

बहुतेक झांजांचं काम इथेच संपतं. म्हणून ही पायरी नीट करा.

चौदा इंची हाय-हॅट मोठ्या परातीत बसते. सोळाच्या वरच्या क्रॅश आणि राईडसाठी बाथरूमच्या फरशीवर जुनी चादर चौपदरी घाला. नुसत्या फरशीवर ठेवली की कड घासते आणि ठोकर बसते, आणि झांजेचा सगळ्यात नाजूक भाग कडच असतो. अर्धी बादली कोमट पाणी घ्या, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे चार-पाच थेंब, बस. भांड्यांचा साबण वडीचा नको, त्यात खरखरीत कण असतात. कपड्यांची पावडर तर अजिबात नको.

मे महिन्यात दुपारी हे काम काढू नका. पारा पंचेचाळीसला असतो, गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हात पोळवतं, आणि साबण झांजेवर पुसायच्या आत वाळून पांढरे ओघळ उठतात. सकाळी सातला सुरू करा.

ओल्या मऊ कपड्यानं आधी वरची बाजू, मग खालची. गाडी पुसायचं मायक्रोफायबर कापड उत्तम, जुनी सुती बनियनही चालते. बेल, म्हणजे मधला घुमट, आणि उतार जिथे मिळतात त्या खोबणीत मळ जास्त साचतो. तिथे लहान मुलांचा मऊ टूथब्रश वापरा. लोगोवर कापड फक्त टेकवा, रगडू नका. नुसत्या साबणानंही जुनी शाई हळूहळू उतरते. तारेची घासणी, काथ्या, नारळाची शेंडी, राख, भांड्यांच्या स्पंजची हिरवी बाजू, यातलं काहीही झांजेजवळ येऊ नये.

खंगाळताना पाण्याचा विचार करा. बोअरच्या पाण्यात क्षार असतात. तुमच्याकडे बादलीच्या कडेला पांढरी पुटं चढत असतील तर तीच पुटं वाळल्यावर झांजेवर ठिपके होऊन दिसतील. शेवटचा एक तांब्या आरओचा किंवा फिल्टरचा ओता, तेवढ्यानं भागतं.

लगेच पुसा. आपोआप वाळायला ठेवू नका. टॉवेलनं दोन्ही बाजू टिपा, मग पंख्याखाली अर्धा तास उभी ठेवा. उन्हानं धातूचा आवाज बिघडत नाही, तो काही शे अंशांपर्यंत तापल्याशिवाय आतून बदलत नाही. पण उन्हात थेंब जागच्या जागी वाळून डाग सोडतात, आणि नागपूरच्या उन्हात तापलेली राईड उघड्या हातानं उचलून पाहा, पुन्हा कधी उन्हात ठेवणार नाही.

हट्टी डाग

काडीचे काळे-करडे फटकारे म्हणजे झांजेला पडलेले ओरखडे नव्हेत. काडीचं लाकूड आणि तिच्यावरचं व्हार्निश धातूवर घासून चिकटलेलं असतं. साबणानं गेले नाहीत तर शाळेचं साधं पांढरं खोडरबर घ्या आणि रेघांच्या दिशेनं फिरवा. निघतात.

टेपचा गोंद ही दुसरी डोकेदुखी. लहान खोलीत सराव करताना आवाज दाबायला टेप लावतात आणि उन्हाळ्यात तो वितळून पसरतो. त्यावर खोबरेल तेलाचं बोट फिरवा, पंधरा मिनिटं थांबा, गोंद फुगतो. मग अंगठ्यानं गोळा करून काढा आणि तेलकटपणा साबणानं धुवा. ब्लेड किंवा स्टीलचा चमचा लावू नका.

हिरवे ठिपके वेगळे. ते घामातल्या मिठानं होतात आणि खाली धातू खात असतात, म्हणून त्यांच्याकडे मात्र दुर्लक्ष नको. पितळेच्या भांड्यात ताक कळकतं तेव्हा जे घडतं त्याचाच हा भाऊबंद. टूथपिकनं ठिपक्यावरची हिरवी भुकटी हळू मोकळी करा आणि साबणानं धुवा. तरी राहिला तर कापसाच्या बोळ्यावर अर्धं पाणी आणि अर्धा लिंबाचा रस घ्या, फक्त त्या ठिपक्याला लावा, अर्धा मिनिट मोजा, लगेच भरपूर पाण्यानं धुवा आणि पुसा. तिथे थोडा उजळ डाग राहील. काही महिन्यांत तो आजूबाजूच्या रंगात मिसळतो. हा उपाय ठिपक्यापुरताच. आख्ख्या झांजेला लिंबू, चिंच, व्हिनेगर किंवा टोमॅटो सॉस लावण्याचे सल्ले ऐकू नका. आंबट रसात धातूवरचा थर विरघळतो, तांबं सुटं होऊन परत वर बसतं आणि ती गुलाबी झाक येते. पितळेच्या झांजेतून तर जस्तच निघून जातं.

काच पुसायचा अमोनिया असलेला स्प्रेही नको. तांब्याच्या मिश्रधातूंचं आणि अमोनियाचं वैर जुनं आहे. इंग्रजांच्या काळात आपल्याकडे पावसाळ्यात तबेल्यांजवळ ठेवलेल्या पितळी काडतुसांना आपोआप चिरा पडायच्या. ताणाखाली असलेलं पितळ, घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि दमट हवा एकत्र आल्यानं हे होतं, हे १९२१ साली उलगडलं. झांजही ठोकून, ताणूनच घडवलेली असते.

पॉलिश: कोणी आणि किती

फक्त ब्रिलियंट फिनिशला, आणि तेही तुम्हाला स्टेजवर ती चमक खरोखर हवी असेल तर. झांजेच्या कंपनीचंच क्लीनिंग क्रीम घ्या आणि डबीवर कोणत्या फिनिशसाठी आहे ते वाचा. ब्रिलियंटसाठीचं क्रीम साध्या फिनिशला लावू नका. देवाच्या भांड्यांची पावडर आणि पॉलिश भांड्यांसाठीच. त्यात घासणारे कण असतात, ते रेघांची धार बोथट करतात, आणि आवाज त्या धारेवरही अवलंबून असतो.

आधी खालच्या बाजूला, कडेजवळ, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत लावून पाहा. ठीक वाटलं तर झांजेचे मनातल्या मनात चार भाग करा आणि एका वेळी एकच भाग घ्या. वाटाण्याएवढं क्रीम पुरतं. गोल दिशेनं हलक्या हातानं फिरवलं की कापड काळं होतं. तो काळेपणा म्हणजे मळ आणि धातू दोन्ही. क्रीम वाळायच्या आत कोऱ्या कपड्यानं पुसून काढा, मगच पुढचा भाग. पूर्ण झांजेवर एकदम थापून बसलात तर पहिला भाग वाळतो, रेघांत पांढरी भुकटी बसते आणि तुम्ही मळाच्या जागी क्रीम भरून ठेवता. लोगोभोवती दोन बोटं जागा सोडा. शेवटी पुन्हा साबणाच्या पाण्यानं धुवा.

ड्रिलला बफिंगचं चाक लावून चमकवण्याच्या मोहात पडू नका. भांडे ओळीतला कारागीर तुमची परात चाकावर आरशासारखी करून देईल, पण परात वाजवायची नसते. चाक एका जागी रेंगाळलं की घर्षणानं तेवढाच भाग तापतो आणि पातळ होतो. एकदा पातळ झालेला धातू परत येत नाही.

लोगो गेला तर आवाज जात नाही, पण विकताना किंमत जाते. जुनी झांज घेणारा आधी लोगो शोधतो, मग धातूत ठोकलेला शिक्का. शिक्का राहतो, शाई राहत नाही. काही जण मुद्दाम शाई काढून टाकतात, तो त्यांच्या आवडीचा प्रश्न.

रोजचं काम आणि पावसाळा

वर लिहिलेलं सगळं वर्षातून दोन-तीनदाच करावं लागतं, जर एक सवय लावली तर. वाजवून झाल्यावर, पिशवीत घालण्याआधी, कोरड्या कापडानं दोन्ही बाजू आणि कड पुसा. दोन मिनिटं लागतात. बोटांचे ठसे ओले असतानाच निघतात, आठवड्यानंतर ते तपकिरी होऊन धातूत उतरलेले असतात. झांज नेहमी कडेला धरून उचला. क्लासमधल्या मुलांना मी पहिल्या दिवशी काडी धरायला शिकवतो आणि दुसऱ्या दिवशी झांज धरायला.

नागपूरचा उन्हाळा कोरडा असतो, त्यामुळे मार्च ते मे झांजांना धूळ सोडली तर फारसा त्रास नाही. जूनच्या मध्यावर पाऊस सुरू झाला की हवा बदलते, आणि ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये मारबतीची मिरवणूक, गणपती, दुर्गा असे कार्यक्रमही लागोपाठ असतात. भिजलेली रेक्झिनची पिशवी चेन लावून कोपऱ्यात ठेवली की आठवड्यात हिरवे ठिपके हजर. घरी आलं की पिशवी उघडी ठेवा, झांजा बाहेर काढा, पंख्याखाली एक रात्र जाऊ द्या. ठेवताना दोन झांजांच्या मध्ये जुन्या सुती साडीचा गोल तुकडा घाला. वर्तमानपत्र नको, ते ओल धरून ठेवतं. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळू नका. बुटांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या जमवून पिशवीत टाका, दोन-तीन पुरतात. तेलाचा हात देऊन ठेवणारेही भेटतात. तेलावर धूळ बसते आणि आपण परत पहिल्या पायरीवर येतो, म्हणून ते नको.

परत चढवताना खालचं फेल्ट, झांज, वरचं फेल्ट, विंगनट, हाच क्रम. विंगनट इतकाच आवळा की झांज मोकळी डोलली पाहिजे. काडी मारा आणि ती किती वेळ डोलते ते पाहा. डोलत नसेल तर अर्धा आटा सैल करा.